खाडीभर खाणं आणि तरी उपाशी

एक हिशोब करू. एका खाडीत हिवाळाभर दोन हजार पक्षी मुक्कामाला असतात. एका पक्ष्याला दिवसाला किती खायला लागतं ते माहितेय, थंडीचे दिवस किती ते माहितेय, आणि खाडीतल्या सगळ्या शिंपल्यांत मिळून किती मांस आहे तेही कुणीतरी गुडघाभर चिखलात उतरून मोजलेलं आहे. गुणाकार-भागाकार केला आणि उत्तर आलं की पक्ष्यांना लागतं त्याच्या दुप्पट माल खाडीत पडलाय. मग वरचा अर्धा माल मच्छीमारांनी काढून विकला तर कुणाच्या पोटावर पाय येणार? कुणाच्याच नाही ना?

पण येतो. पक्षी मरतात, आणि खाडीत खाणं शिल्लक असताना मरतात.

हे काही मी कल्पनेतलं सांगत नाहीये. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर वॉश नावाचं मोठं आखात आहे, तिकडे नेदरलँड्सच्या बाजूला वाडन समुद्र आहे, या दोन्हीकडे १९९० च्या दशकात शिंपल्यांचा उपसा आणि ऑयस्टरकॅचर नावाच्या पक्ष्यांचे हिवाळी मृत्यू यावरून मोठी भांडणं झाली. डच सरकारचं धोरण वरच्या हिशोबासारखंच होतं, म्हणजे टंचाईच्या वर्षी पक्ष्यांच्या एकूण गरजेतला अमुक एक हिस्सा त्यांच्यासाठी बाजूला ठेवायचा आणि बाकीचा उचलायचा. ऐकायला एकदम न्याय्य. पण २००४ साली जॉन गॉस-कस्टर्ड, रिचर्ड स्टिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी दाखवलं की या पक्ष्यांना नीट जगायचं असेल तर ते प्रत्यक्षात पोटात घालतात त्याच्या २.५ ते ७.७ पट खाणं हिवाळ्याच्या सुरुवातीला खाडीत असावं लागतं. पट! हिस्सा वगैरे सोडाच.

हा आकडा त्यांनी काढला तो कॉम्प्युटरमध्ये एकेक पक्षी वेगळा धरून, प्रत्येकाला स्वतःचा स्वभाव, स्वतःची कुवत आणि स्वतःची भूक देऊन. याला इंडिव्हिज्युअल-बेस्ड मॉडेल म्हणतात. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाली, रविवारची पक्षीवाली, त्यामुळे माझ्या आयुष्यातल्या दोन गोष्टी इथे एकाच ठिकाणी भेटल्या आणि गेली काही वर्षं मी यातच अडकून पडलेय. घरच्यांना वाटतं मी शनिवारी पण ऑफिसचं काम करते.

आधी त्या २.५ ते ७.७ चं बघू, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

ऑयस्टरकॅचर म्हणजे काळापांढरा, कोंबडीपेक्षा लहान, लांब लालकेशरी चोचीचा पक्षी. आपल्या कोकण किनाऱ्यावरही हिवाळ्यात येतो, ओहोटीला खडकांवर किंवा वाळूवर पळताना दिसतो आणि ती चोच एकदा पाहिली की विसरत नाही. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात एक्स नावाच्या नदीची खाडी आहे, तिथे हिवाळ्यात हे पक्षी प्रामुख्याने मसल्सवर जगतात, गोव्यात शिनाणे म्हणतात ना त्यातलाच प्रकार. आता मसल उघडणं म्हणजे काय खेळ आहे का? आपल्यालाही सुरी लागते. काही पक्षी शिंपला कडक जागी नेऊन चोचीने घाव घालून फोडतात. काही जण दोन झाकणांच्या मधल्या बारीक फटीत चोच खुपसतात आणि आतला स्नायू कापतात, मग शिंपला आपोआप सैल पडतो. एक पक्षी साधारण एकाच पद्धतीला चिकटून असतो आणि ते त्याच्या चोचीवर दिसतं, फोडणाऱ्यांच्या चोचीचं टोक बोथट आणि खुपसणाऱ्यांचं छिन्नीसारखं. म्हणजे दुर्बिणीतून नुसतं चोचीचं टोक बघून हा कसा जेवतो ते सांगता येतं!

त्यात पुन्हा सगळे सारखे हुशार नाहीत. एखादा मिनिटाला जितकं मिळवतो त्याच्या निम्मंही शेजारच्याला जमत नाही. आणि सगळे सारखे दादाही नाहीत. वयाने मोठे, मुरलेले पक्षी लहानांच्या तोंडचा शिंपला सरळ हिसकावून घेतात, मग लहान पक्षी गर्दीच्या जागा टाळायला लागतात, आणि गर्दीच्या जागा म्हणजे अर्थातच जिथे माल चांगला त्या जागा. वर भरतीचं घड्याळ आहे. मसल्सचे पट्टे ओहोटीला काही तास उघडे पडतात, तेवढ्यात काय ते खायचं. रात्रीचीही ओहोटी हे पक्षी सोडत नाहीत, भरतीच्या वेळी काही जण शेतात जाऊन गांडुळं शोधतात, पण जमीन गोठली की तेही बंद. आणि डिसेंबर-जानेवारीत दोन्ही बाजूंनी मार, थंडीमुळे भूक वाढलेली आणि नेमकं तेव्हाच शिंपल्यातलं मांस रोडावलेलं, म्हणजे तेवढ्याच कष्टात घास लहान.

लग्नाचा बुफे आठवा. आत स्वयंपाकघरात पन्नास माणसांचं अन्न उरलेलं असतं आणि तरी शेवटी आलेला पाहुणा नुसता वरणभात खाऊन घरी जातो, कारण चांगलं आधीच्यांनी संपवलंय, रांगेत पुढे घुसणारे आहेतच, आणि हॉल रिकामा करायची वेळ झालीय. केटररला विचाराल तर तो म्हणेल जेवण उरलं होतं की! खोटं नाही बोलत तो. खाडीतला उरलेला माल असाच असतो, आहे पण पातळ पसरलेला, शोधून फोडून खाईपर्यंत पाणी येतं. सरासरी पक्षी निवांत जगतो. मरतो तो खालच्या पायरीवरचा, कमी कसबाचा, आणि सरासरीत तो दिसतच नाही.

म्हणून गॉस-कस्टर्ड मंडळींनी मॉडेलमध्ये सरासरी पक्षी ठेवलाच नाही. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पक्ष्याला एक क्रमांक, त्याचं दादागिरीतलं स्थान, त्याचं खाण्यातलं कसब, त्याची चरबी. प्रत्येक ओहोटीला प्रत्येक पक्षी बघतो की कुठल्या पट्ट्यावर गेलो तर मला, म्हणजे माझ्या कसबाला आणि माझ्या दादागिरीला, सगळ्यात जास्त मिळेल, आणि तिकडे जातो. जास्त मिळालं तर चरबी साठते, कमी पडलं तर साठा वापरतो, साठा शून्यावर आला की मेला. बास. मृत्यूचा दर कुणी टाइप केलेला नाही, हिवाळ्याच्या शेवटी जे मेले ते मोजायचे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसायलाच आलं, कारण आम्ही कॉलेजमध्ये शिकलो ते ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग यापेक्षा वेगळं नव्हतं, फक्त आमच्या उदाहरणात बँक अकाउंट असायचं. तेव्हा कुणी पक्षी दिला असता तर मी लेक्चरला जास्त बसले असते.

आता शंका येणारच की हे सगळं जमवून आणलेलं असेल. म्हणून त्यांनी काय केलं बघा. एक्स खाडीत त्यांची मोजदाद १९७६ पासून चालू होती. मॉडेल बसवलं १९७६ ते १९८० च्या माहितीवर. मग १९८० ते १९९१ मध्ये खाडीतले पक्षी वाढत गेले तेव्हा किती टक्के मरतील ते मॉडेलला विचारलं आणि प्रत्यक्षातल्या आकड्यांशी ताडून पाहिलं. गर्दी वाढली तसा मृत्युदर वाढला, मॉडेलमध्येही आणि खाडीतही, बऱ्यापैकी हातात हात घालून. एका प्राण्याच्या पोटाच्या हिशोबातून अख्ख्या थव्याचं पुढच्या दहा वर्षांचं चित्र निघतं हे मला आजही भारी वाटतं.

आणि गंमत म्हणजे याच गटाने हे मॉडेल वापरून असंही सांगितलंय की एक्सवर आणि वेल्समधल्या बरी इनलेटवर त्या काळी जेवढी शिंपल्यांची मासेमारी चालू होती तेवढीने पक्ष्यांचं नुकसान होत नाही, पण उपसा वाढवला किंवा पद्धत बदलली तर होईल. म्हणजे हे लोक दरवेळी मच्छीमारांच्या विरोधात उभे राहायला बसलेले नव्हते. पर्यावरणाच्या चर्चेत मला ही गोष्ट फार कमी दिसते. नेदरलँड्सने मात्र २००५ पासून वाडन समुद्रातला मशीनने होणारा कॉकल शिंपल्यांचा उपसा थांबवला, त्याला राजकारण, कोर्ट, वेगवेगळे अभ्यास अशी बरीच कारणं होती, एका मॉडेलच्या जिवावर तसं काही होत नसतं.

याच्या आधी लोक काय करायचे? समीकरणं लिहायचे. १८३८ मध्ये व्हर्हुल्स्ट नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने लोकसंख्या वाढत वाढत एका मर्यादेला कशी टेकते त्याचं समीकरण दिलं, १९२० च्या दशकात लोटका आणि व्होल्टेरा यांनी शिकार आणि शिकारी यांची जोडी मांडली, आणि ती समीकरणं इतकी सुबक आहेत की पुढची पन्नास वर्षं सगळे त्यांच्याच प्रेमात होते. मी पण आहे थोडी. पण त्यात ससा म्हणजे एक अक्षर, आणि सगळे ससे एकसारखे, आणि सगळे एकाच वेळी सगळीकडे. साडेतीन ससे असले तरी समीकरणाची हरकत नसते.

एकेक जीव वेगळा धरायची सुरुवात खरं तर प्राण्यांपासून नाही झाली, झाडांपासून झाली. १९७२ मध्ये बॉटकिन, जनाक आणि वॉलिस या तिघांनी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या जंगलासाठी एक मॉडेल केलं, तिघांच्या नावांची आद्याक्षरं जोडून त्याचं नाव जाबोवा. त्यात प्रत्येक झाडाची उंची आणि जाडी वेगळी, उंच झाड खालच्याचं ऊन अडवणार, मोठं झाड पडलं की जागा मोकळी होणार आणि खालची पोरं वर यायला धडपडणार. झाडं पळत नाहीत हे त्या काळच्या कॉम्प्युटरच्या दृष्टीने फार सोयीचं होतं!

मग १९८० मध्ये टेनेसीतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या डॉन डीअँजेलिस आणि सहकाऱ्यांचं माशांचं काम आलं, ते माझं सगळ्यात आवडतं आहे, कारण ते जरा भीषण आहे. लार्जमाउथ बास नावाचा मासा, त्याची पिल्लं. एका टाकीत साधारण एकाच मापाची पिल्लं ठेवली तर कुणीच कुणाला गिळू शकत नाही, सगळे मिळून हळूहळू वाढतात. पण सुरुवातीलाच मापांत जरा जास्त फरक असेल, तर मोठी पिल्लं लहान भावंडांना खातात, खाल्ल्यामुळे अजून मोठी होतात, मोठी झाल्यामुळे अजून भावंडं तोंडात मावतात, आणि शेवटी मोजकेच पण दांडगे मासे उरतात. सरासरी माप तेच ठेवा, पिल्लांची संख्या तीच ठेवा, फक्त आपापसातला फरक बदला, शेवट वेगळा. आता हे एका सरासरीत कसं मांडणार सांगा.

हे स्वतः करून बघायचं असेल तर नेटलोगो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये आणलं, मुळं लहान मुलांना शिकवायच्या लोगो भाषेत आहेत, त्यामुळे त्यातल्या प्रत्येक जीवाला अजूनही टर्टल म्हणतात, मग तो वाघ असो नाहीतर मुंगी. त्याच्याबरोबरच उदाहरणांची मोठी लायब्ररी येते, त्यात लांडगे आणि मेंढ्या आहेत. बटण दाबलं की हिरव्या चौकोनात ठिपके सैरभैर फिरायला लागतात, लांडग्याला मेंढी सापडली की तो खातो, नाही सापडली की ताकद कमी होते, बाजूला दोन आलेख वरखाली होतात. गवताचा पर्याय बंद ठेवला तर काही वेळाने गाडी हमखास उलटते, एक तर लांडगे सगळ्या मेंढ्या खाऊन मग स्वतः उपाशी मरतात, किंवा लांडगे आधी संपतात आणि स्क्रीन मेंढ्यांनी पांढरी होते. सगळी बटणं तीच ठेवून परत चालवा, या वेळी दुसरंच होऊ शकतं. गवत चालू केलं, म्हणजे मेंढ्यांनाही उपाशी राहायची सोय केली, की मग दोघंही बरेच टिकतात.

माझ्या ऑफिसमधल्या एकाने मागून बघितलं आणि म्हणाला, "अगं हा तर गेम आहे, तू जिंकतेस कधी?" बरोबर होतं त्याचं, दिसतं तसंच. पण एकच सेटिंग दोनदा चालवून दोन वेगळे शेवट बघितले ना, की "वाघांची संख्या पाच वर्षांत इतकी होईल" असं एकच एक आकडा सांगणाऱ्या बातमीकडे माणूस पूर्वीसारखं बघू शकत नाही. खरा जंगलाचा रन एकदाच होतो, त्याच्या शेजारी होऊ शकले असते असे हजार रन असतात, ते फक्त इथेच दिसतात.

वाघांचा विषय काढलाच आहे तर चितवनकडे जाऊ. नेपाळमधल्या चितवन राष्ट्रीय उद्यानात वाघांचा अभ्यास १९७० च्या दशकापासून चालू आहे, रेडिओ कॉलर लावून, माग काढून, कोण कुणाची मुलगी इथपर्यंत. त्या माहितीवर नील कार्टर, सायमन लेव्हिन, अॅडम बार्लो आणि फोल्कर ग्रिम यांनी २०१५ मध्ये एक मॉडेल प्रसिद्ध केलं. त्यात वाघिणीचा इलाखा किती मोठा हे कुणी आधी ठरवून दिलेलं नाही. वाघीण आपल्याला आणि पिल्लांना पुरेल एवढं सावज मिळेपर्यंत जमीन धरत जाते. सावज दाट तर इलाखा लहान, विरळ तर मोठा, शेजारीण तगडी असेल तर भांडण. वाघाचं गणित वेगळं, तो जमिनीपेक्षा वाघिणी मोजतो, जितक्या जास्त वाघिणींचे इलाखे आपल्याखाली येतील तितकं बरं. नवा वाघ जुन्याला हाकलून आला की आधीची पिल्लं मारतो, म्हणजे वाघीण लवकर माजावर येते. क्रूर आहे पण वाघांत होतं.

आता या जगात एक प्रौढ वाघ शिकाऱ्याने मारला असं समजा. सरासरीच्या हिशोबात, वाघ होते शंभर, उरले नव्याण्णव. एकेकाच्या हिशोबात, त्या वाघाखाली चार वाघिणी होत्या, त्यांतल्या दोघींना पिल्लं होती, आता रिकाम्या जागेसाठी दोन तरुण नर भांडणार, जिंकेल तो पिल्लं मारणार, आणि त्याचीही जागा पक्की झाली नाही तर पुन्हा तेच. एक गोळी, आणि त्याचा परिणाम दोन-तीन वर्षं चालू राहतो. वनखात्यातल्या जुन्या माणसांना हे कुणी मॉडेल न दाखवताही माहिती असतं. मॉडेलने ते आकड्यात आणता येतं, आणि आकड्यात आलं की फाइलमध्ये जातं, हा आपल्याकडचा व्यवहार आहे.

पण वाघांच्या बाबतीत मला जास्त विचार करायला लावला तो एका आपल्या वाघाने. टिपेश्वरचा वॉकर. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मला, २०१९ च्या फेब्रुवारीत त्याला रेडिओ कॉलर लावली, आणि मग हा बाबा चालतच सुटला. विदर्भ, मराठवाडा, मध्येच तेलंगणाचा भाग, शेतं, रस्ते, ओढे, असं करत तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पेपरात रोज त्याच्या बातम्या होत्या. दिवसा ज्वारीत नाहीतर नाल्यात पडून राहायचं, रात्री चालायचं. आजूबाजूच्या गावांना कित्येकदा पत्ताही नसायचा.

वॉकर कुठल्या सरासरीत बसतो? बहुतेक तरुण वाघ इतके लांब जात नाहीत, माद्या तर साधारणपणे आईच्या शेजारीच जागा बघतात. पण दोन जंगलांमधलं रक्त मिसळतं ते असल्या एखाद-दुसऱ्या भटक्यामुळेच, त्यामुळे या प्रश्नात महत्त्व त्या विचित्र वाघालाच आहे. आणि त्यातही एक कडू भाग, ज्ञानगंगात त्याला सावज मिळालं, जागा मिळाली, पण तिथे वाघीण नव्हती. यादीत ज्ञानगंगासमोर एक वाघ असं लिहिता येत होतं. पिल्लांच्या हिशोबात तिथे शून्य.

मध्य भारतातल्या वाघांसाठी असं काम झालेलं आहे. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन, प्राची थत्ते आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये वाघांच्या विष्ठेतल्या डीएनएवरून कुठल्या जंगलातले वाघ कुठल्या जंगलाशी नात्यात आहेत ते काढलं, मग कॉम्प्युटरमध्ये एकेक वाघ सोडून पुढच्या शंभर वर्षांत रस्ते, वस्ती, जंगल यांचं काय केलं तर काय होईल ते चालवून पाहिलं. मधले रस्ते आणि वस्ती बेलगाम वाढली तर लहान, सुटी पडलेली जंगलं वाघ गमावण्याचा धोका बराच वाढतो. पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-सिवनी हायवेखाली, एनएच ४४ च्या खाली, जनावरांसाठी मोकळ्या वाटा ठेवल्यात आणि कॅमेऱ्यात त्यातून वाघ जाताना दिसलेत, त्यामुळे हे सगळं निराशेचंच आहे असं अजिबात नाही.

आता या मॉडेलांच्या विरुद्ध बोलायचं तर बोलण्यासारखं पुष्कळ आहे. सगळ्यात मोठी तक्रार, यात फिरवायला बटणं फार. प्रत्येक पक्ष्याचं कसब, भूक, दादागिरी, थंडी, शिंपल्याचं वजन, आणि यातलं काहीही थोडं इकडेतिकडे केलं की हवं ते उत्तर काढता येतं, असं म्हणणारे समीकरणवाले चुकीचे नाहीत. मी स्वतः काही शोधनिबंध असे वाचलेत की ज्यात ॲनिमेशन सुंदर, रंग सुंदर, आणि आत काय नियम लावलेत ते शोधताना डोकं फिरतं. फोल्कर ग्रिम, तोच चितवनवाला, जर्मनीतल्या लाइपझिगचा, त्याने आणि अमेरिकेतल्या स्टीव्हन रेल्सबॅकने यावर बरीच वर्षं खटपट केली. २००६ मध्ये त्यांनी आणि बऱ्याच जणांनी मिळून ओडीडी नावाचा एक ठराविक साचा दिला, मॉडेल लिहिताना आधी हेतू सांगायचा, मग त्यात कोण कोण आहे, मग कुठल्या क्रमाने काय घडतं, मग बारकावे. डॉक्युमेंटेशन हो, दुसरं काय! आमच्या क्षेत्रात ज्याला सगळे टाळतात तेच इथे एका शाखेची लाज राखून गेलं.

दुसरी त्यांची कल्पना मला अजून जास्त पटते. एकाच आकड्याशी जुळलं म्हणून मॉडेलवर विश्वास ठेवायचा नाही, एकाच वेळी पाच वेगवेगळ्या साध्या खुणा जुळतात का बघायचं. ऑयस्टरकॅचर घ्या. किती मेले हे जुळवणं सोपं आहे, एक बटण फिरवा, जुळेल. पण कुठल्या पट्ट्यावर किती पक्षी होते, थंडीत कुठल्या महिन्यात जास्त मेले, लहान जास्त मेले की मोठे, ओहोटीचा किती वेळ खाण्यात गेला, हे सगळं एकत्र जुळवायचं म्हटलं की बटणांची मस्ती उतरते. एक जुळवायला जावं तर दुसरं बिघडतं. आणि सगळं जुळलंच तर मग काहीतरी खरं हाताला लागलंय असं मानायला जागा आहे.

माझी स्वतःची शंका वेगळी आहे. या मॉडेलांचा सगळा डोलारा एका गृहीतकावर आहे की प्राणी स्वतःच्या भल्याचं करतो, म्हणजे जिथे जास्त मिळेल तिथे जातो. यामुळेच तर ती नव्या परिस्थितीतही चालतात. खाडीवर बंधारा बांधला, जंगलातून रस्ता गेला, तर जुना आलेख निरुपयोगी, कारण तो जुन्या जगाचा होता, पण पक्ष्याची भूक आणि तिच्यामागचं शहाणपण तेच राहतं, हा गॉस-कस्टर्डचा मुद्दा मला मान्य आहे. पण पक्ष्याला अख्ख्या खाडीची माहिती असते का? नवी जागा कळायला किती दिवस लागतात? तोवर काय?

वेल्समध्ये कार्डिफला हे प्रत्यक्ष झालं, तिथे मॉडेल नाही, खरे पक्षी. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये कार्डिफ खाडीवरचा बंधारा बंद केला, आत गोड्या पाण्याचा तलाव झाला आणि चिखलाचे पट्टे कायमचे पाण्याखाली गेले. तिथल्या रेडशँक पक्ष्यांच्या पायात आधीच रंगीत कडी घातलेली होती, त्यामुळे कोण कुठे गेलं ते कळत होतं. बरेच जण जवळच्याच रिम्नी खाडीत गेले. गेले म्हणजे सुटला प्रश्न असं वाटेल. तिथे आधीचे पक्षी होतेच, आणि हे उपरे. पहिल्या हिवाळ्यात त्यांचं वजन नीट राहिलं नाही, आणि पुढच्या वर्षांत प्रौढ पक्ष्यांचं वर्षाला जगण्याचं प्रमाण साधारण ८५ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर आलं. सात टक्के ऐकायला काहीच नाही, पण वर्षानुवर्षं जगणाऱ्या, वर्षाला मोजकीच पिल्लं वाढवणाऱ्या पक्ष्याला तो फरक जड जातो.

ठाण्याच्या खाडीकडे मी हल्ली याच नजरेने बघते. शिवडीचा चिखल, ऐरोलीची बाजू, नवी मुंबईतली पाणथळ तळी जिथे भरतीच्या वेळी फ्लेमिंगो आणि बाकीचे पक्षी येऊन उभे राहतात, २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू, आजूबाजूला रोज उठणारे टॉवर. फ्लेमिंगो सगळ्यांना दिसतात, त्यांचे फोटो निघतात, पण त्याच चिखलात हजारो बारीक करडे पक्षी पळत असतात ज्यांच्याकडे कुणी बघत नाही. कुठल्याही प्रकल्पाच्या चर्चेत एक वाक्य कुणीतरी बोलतंच, की इथले पक्षी जवळपासच्या दुसऱ्या जागी जातील. जातीलही. पण तिथे ओहोटीला चिखल किती वेळ उघडा असतो, तिथे आधी किती जण बसलेत, भरतीला उभं राहायची जागा किती लांब आहे आणि तिथवर उडत जायला रोज किती चरबी खर्चायची, हे त्या वाक्यात कुठेच नसतं.

मी नेटलोगोत एक खेळण्यातली ठाणे खाडी केलीय. भरतीचं वेळापत्रक खरं आहे, कारण ते छापील मिळतं. नकाशा बऱ्यापैकी खरा आहे. पक्षी तीन प्रकारचे, प्रत्येकाचं कसब वेगळं, दादा आणि बिचारे दोन्ही. एक तळं बुजवायचं बटण आहे, ते दाबलं की पक्षी दुसरीकडे जातात आणि सगळं छान चालू राहतं, आणि हे छान चालणं मला अजिबात खरं वाटत नाही. कारण मूठभर चिखलात खाण्यासारखे किडे किती, हा आकडा मी अंदाजाने टाकलाय, आणि तो दुप्पट केला की कुणीच मरत नाही, निम्मा केला की निम्मे मरतात. म्हणजे माझं अख्खं मॉडेल त्या एका मुठीवर उभं आहे. खाडीच्या बायोलॉजीत काम करणाऱ्या एका मैत्रिणीला हे दाखवलं तर ती म्हणाली, आकडा हवाय ना, मग येत्या अमावास्येला मोठी ओहोटी आहे, चाळणी मी आणते, तू गमबूट घेऊन ये आणि चांगले कपडे घालू नकोस.